आप्पांचं नाक आणि समूचं दूध

आप्पांनी डब्याचं झाकण उघडलं, नाक आत घातलं, एक मोठा श्वास घेतला आणि झाकण पुन्हा लावून टाकलं.

"नासलंय," ते म्हणाले. "परत कर."

"पावडर आहे आप्पा. पावडर कशी नासेल?"

"ते मला न्हाय ठावं. नासल्याला वास हाय. बटाटं उकडून दोन दिस झाकून ठिवल्यावर येतो, तसला."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, वास असाच असतो म्हणून."

"त्यांना दुधातलं काय कळतंय?"

आमच्या गावात दुधातलं कळणारा माणूस एकच होता आणि तो माझा सासरा होता. आप्पा सव्वीस वर्षं गावच्या दूध संस्थेत दूध तपासत होते. सकाळ-संध्याकाळ रांग लागायची, एकेक जण किटली पुढे करायचा, आप्पा झाकण काढून आधी हुंगायचे आणि मगच मशीनला लावायचे. मशीन चुकलं असेल, आप्पांचं नाक चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हशीनं काल लसूणघास खाल्ला की कडबा, हे ते किटली हुंगून सांगत. दुधात पाणी घातलेलं सापडलं तर त्या घराचं दूध पंधरा दिवस बंद. हा नियम त्यांनीच केला होता, आणि स्वतःच्या सख्ख्या मेहुण्यालाही तो लावून दाखवला होता. मेहुणा त्यानंतर तीन वर्षं दिवाळीला आला नाही.

अशा माणसाच्या घरात, दोन म्हशी आणि एक गाय दारात बांधलेली असताना, त्याच्या पहिल्या नातीला दूध सोसेना.

नातीचं नाव समृद्धी, घरात समू. नाव आप्पांनीच ठेवलं होतं, आणि साडेतीन महिन्यांची समृद्धी साडेचार किलोवर अडकून बसली होती. मला बाळंतपणानंतर महिन्याभरात विषमज्वर झाला, त्यात माझं दूध आटलं. मग घरचंच दूध पाणी घालून दिलं. पाणी घालताना आप्पा तोंड फिरवून उभे राहिले होते, ते मला अजून आठवतं. थोड्याच दिवसांत पोरीचे गाल भाजल्यासारखे लाल झाले, पाजलेलं सगळं उलटून पडायला लागलं, आणि एके दिवशी दुपट्यावर शेंबडासारख्या शीमध्ये रक्ताची तार दिसली. तेव्हा आम्ही कराड गाठलं.

डॉक्टर मुजावर बाई बारीक अंगाच्या आणि खणखणीत आवाजाच्या. आधी त्या आम्हाला भरपूर बोलल्या, की वर्षाच्या आत जनावराचं दूध वरचं म्हणून द्यायचंच नसतं. मग डब्याचं साधं दूध देऊन पाहिलं. तेही गाईच्याच दुधाचं, त्यानंही तेच झालं. तेव्हा त्या म्हणाल्या, "मला दुधाच्या ॲलर्जीचा संशय आहे."

"कुणाच्या दुधाच्या?" आप्पांनी विचारलं. आमच्या घरच्या दुधाच्या की दूध संघाच्या, असा त्यांचा रोख.

"गाईच्या. म्हशीच्याही."

"मग शेळीचं?"

"नाही. त्यातलं प्रोटीन जवळजवळ तसंच असतं."

"गाढवीचं? कराडात गाढवीण घिऊन दारोदार फिरणारा येतोय एक. चमचाभर देतोय."

"आजोबा, नाही."

"सांडणीचं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "उंटीण आहे तुमच्याकडे?"

"न्हाय. पर बघता यील."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी कागदावर एका डब्याचं नाव लिहिलं आणि समजावून सांगितलं, की यातलं दुधाचं प्रोटीन आधीच बारीक तोडलेलं असतं, म्हणून बाळाचं शरीर त्याला ओळखत नाही. "भाकरी कुस्करून द्यावी तसं समजा. हा डबा चार आठवडे. दुसरं काही म्हणजे काही नाही, बोट बुडवून चाटवायचंसुद्धा नाही. आराम पडला तर संशय बरोबर. नाही पडला तर पुण्याला पाठवावं लागेल, तिथं नळी घालून आतून बघतील."

नळीचं ऐकून मी पोरीला छातीशी ओढलं. आप्पांच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "आधीच कुस्करल्यालं म्हंजे उष्टंच की गं ते."

औषधाच्या दुकानातही काम धड झालं नाही. दुकानदारानं कागद पाहिला आणि म्हणाला, "हा मागवावा लागेल, दोन दिवस लागतील. तोवर हा न्या, लॅक्टोज-फ्री. पोट बिघडलं की सगळे हाच नेतात." त्यानं एक डबा काउंटरवर ठेवला, शेजारी सोयाबीनचा दुसरा ठेवला. दोन्हींवर गुबगुबीत बाळं हसत होती. माझं शिक्षण दहावी. पण शाळेची इंग्रजी-मराठी डिक्शनरी मी लग्नात बरोबर आणली होती, आणि नुसत्या सवयीनं जे दिसेल ते वाचायची. लॅक्टोज-फ्रीच्या डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'मिल्क प्रोटीन' लिहिलेलं मला दिसलं.

"यात दूध आहे," मी म्हणाले.

"अहो ताई, दुधाच्या डब्यात दूध असणारच."

"आम्हाला दूध नसलेलं दूध पाहिजे."

आप्पांनी कपाळाला हात लावला. सोयाबीनचं सहा महिन्यांच्या आधी नको असं बाईंनी बजावलं होतं, तेही परत केलं. दोन दिवस कसेबसे आधीच्याच डब्यावर काढले, मग नवा डबा आला, आणि आप्पांनी तो हुंगला, ते मी सांगितलंच.

डबा मी परत केला नाही. मोजून उकळलेलं पाणी, सपाट चमचे, बाटली उकळून, सगळं डब्यावर लिहिल्याबरहुकूम. समूनं पहिल्या घोटाला असं तोंड केलं, की ती आप्पांचीच नात आहे यात शंका राहिली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र भुकेनं प्यायली. शी हिरवी झाली. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो, त्यांना ते रुचलं नाही. "पालक खाल्ल्यावानी दिसतंय," त्या म्हणाल्या.

रोज संध्याकाळी संकलनाच्या आधी मी समूला संस्थेत घेऊन जायची. आप्पा दुधाचा वजनकाटा पुसायचे, त्यावर दुपटं अंथरायचे, किटलीचं वजन वजा करतात तसं दुपट्याचं वजन वजा करायचे आणि मग समूला ठेवायचे. ती पाय झाडायची, आकडा नाचायचा. आप्पा तिला दटावायचे, "हलू नकोस, माप चुकतंय." पहिल्या आठवड्यात दोनशे ग्रॅम वाढली. गालांवरची लाली फिकी झाली, रक्त थांबलं. मी त्या काट्यासमोर उभी राहून हसत होते, आणि आप्पाही हसत होते, पण पोटात काहीतरी दाबून ठेवल्यासारखे.

मग एका सकाळी त्यांनी मला न सांगता चमचाभर पावडर पाण्यात कालवली आणि संस्थेत नेऊन फॅटच्या मशीनला लावली. जेवायला बसल्यावर त्यांनी निकाल सांगितला.

"तीन-चार."

"काय तीन-चार?"

"फॅट. तीन पॉइंट चार. आपल्या मोठ्या म्हशीला साडेसात लागतीय. एवढ्यावर पोर कशी वाढायची?"

"आईच्या दुधालाही साधारण तेवढंच असतं, आप्पा. मी वाचलंय."

"आईचं दूध मी कधी मशीनला लावलं न्हाय," ते म्हणाले आणि भाकरीकडे वळले. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी समूचे गाल पुन्हा लाल झाले. उलट्या सुरू झाल्या. काट्यावर आकडा जागचा हलेना, आणि एक दिवस तर साठ ग्रॅम उतरला. मग दुपट्यावर पुन्हा ती तार.

आत्ती म्हणाल्या, "बाटली नीट उकळत नसशील."

मी बाटल्या दुप्पट वेळ उकळायला लागले. एक वितळून वाकडी झाली.

हे, म्हणजे समूचे वडील, शिरवळला कंपनीत होते, फक्त रविवारी यायचे. फोनवर म्हणाले, "शैला, तू डब्यावरचं नीट वाचलंस ना? इंग्रजी आहे ते."

ते मला लागलं. मी डिक्शनरी काढून सगळा डबा पहिल्यापासून पुन्हा वाचला, पार कंपनीच्या पत्त्यापर्यंत. काही चुकलेलं सापडेना. म्हणजे संशयच चुकीचा होता. म्हणजे पुणे, आणि ती नळी. एवढ्याशा पोटात नळी जाते तरी कुठून, याचा विचार मी भाकऱ्या थापताना करायची आणि पिठात पाणी जास्त पडायचं.

बाटल्या सगळ्या मीच करायची आणि मीच पाजायची. फक्त चारची बाटली करून आप्पांच्या हातात द्यायची, कारण त्या वेळी मी दुपटी वाळत घालायला गच्चीवर जायची. आप्पा पुढच्या सोप्यात बसून नातीला पाजायचे, रिकामी बाटलीही स्वतःच विसळून ठेवायचे, तेवढाच त्यांना विरंगुळा. एके दिवशी समूनं चारची बाटली अर्धीच घेतली आणि झोपली. मी खाली आले तेव्हा आप्पा संस्थेकडे निघून गेले होते आणि बाटली सोप्यात तशीच पडली होती. धुवायला उचलली आणि थबकले.

बाटलीच्या गळ्याशी पिवळसर कडं धरलं होतं. बोटानं पाहिलं तर चिकट. साय.

त्या डब्याच्या दुधाला साय कधीच धरायची नाही. दोन आठवडे मी बाटल्या धूत होते, मला त्यांची खडानखडा माहिती होती. माझ्या डोक्यात पहिला विचार काय यावा? दूध संस्थेच्या गावात राहणाऱ्या बाईच्या डोक्यात येईल तोच. डब्यात भेसळ आहे. दुकानदारानं नाही तर कारखान्यानं, कुणीतरी पावडरीत काहीतरी मिसळलंय. आणि भेसळ ओळखायची असेल तर आख्ख्या तालुक्यात जायचं कुणाकडे?

समूला आत्तींजवळ ठेवलं, बाटलीतलं दूध स्टीलच्या पेल्यात ओतलं, डोक्यावर पदर घेतला आणि थेट संस्थेत गेले.

संकलन ऐन भरात होतं. पंधरा-वीस माणसं किटल्या घेऊन रांगेत. आप्पा खुर्चीवर, एका हातात नमुन्याची बाटली, डोळे मशीनवर. रांगेत सगळ्यात पुढे भीमराव कोळेकर होता. गेल्याच महिन्यात त्याचं दूध पाण्यावरून पंधरा दिवस बंद केलं होतं, त्यामुळे तो किटली फुलासारखी धरून उभा होता.

"आप्पा, हे जरा बघता का?" मी बाजूनं पेला पुढे केला. "यात काही मिसळलंय का सांगा."

आप्पांनी वर पाहिलंसुद्धा नाही. रांगेतल्याच कुणा बाईचं असेल, असं त्यांना वाटलं असावं. पेला घेतला, नाकाखाली धरला. भुवया जवळ आल्या. पुन्हा हुंगलं. मग थोडं मशीनला लावलं, आकडा पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"पाच-एक. हे निम्मं दूध न्हायच. खाली कसलं तरी पुळकवणी हाय, त्यात वरनं म्हशीचं घातलंय. सायीसकट. म्हस जाफराबादी, सरकी खाती." मग त्यांचा तो ठरलेला आवाज लागला, ज्याला गाव दचकायचं. "भेसळ! उघड उघड भेसळ हाय ही! कुणाचं हाय हे?"

"समूचं," मी म्हणाले.

रांगेत मागं एका किटलीचं झाकण कुणाच्या तरी हातातून पडलं आणि गोल फिरत फिरत थांबलं.

आप्पांनी पेल्याकडे पाहिलं. मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या माणसाचा चेहरा मी तसा त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. गावात जाफराबादी म्हैस एकच होती. ती आमच्या दारात होती, आणि सरकी तिला आप्पा स्वतःच्या हातानं घालायचे.

माझ्या लक्षात यायला त्यांच्यापेक्षा एक क्षण जास्त लागला.

"तुम्ही?" मी म्हणाले.

"दोनच चमचं," आप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक, की मशीनच्या घरघरीत जेमतेम ऐकू आला. "फॅट लागत नव्हती म्हणून. रोज चारला. दोनच चमचं, शैला."

मी काय बोलणार होते कुणास ठाऊक. रडणार होते, की ओरडणार होते, की तो पेला त्यांच्या टोपीवर ओतणार होते. मनात तिन्ही होतं. पण तेवढ्यात भीमराव कोळेकरनं घसा खाकरला.

"आप्पा," तो अगदी अदबीनं म्हणाला, "पंधरा दिस बंद की मग."

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळी रांग हसली. मला दोन आठवड्यांत पहिल्यांदाच इतकं हसू आलं, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचंच होतं असं मी ठामपणे सांगणार नाही.

आप्पा हसले नाहीत. ते उठले, पेला विसळून जागेवर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बरोबर हाय. बंद."

आणि खरंच बंद. पंधरा दिवस आप्पांनी समूच्या बाटलीला हात लावला नाही. चार वाजले की सोप्यात यायचे, हात मागं बांधून दोन हात अंतरावर उभे राहायचे आणि बघायचे. आत्ती त्यांना येता-जाता ऐकवायच्या, "माझ्या सुनेला वितळंस्तवर बाटल्या उकळायला लावल्या ह्यांनी!" उकळायला कुणी लावल्या होत्या ते मी सोयीस्करपणे विसरले. आत्ती माझ्या बाजूनं आल्या होत्या, तेवढं पुरे होतं.

चार दिवसांत रक्त थांबलं. आठवड्यात गाल निवळले. काटा पुन्हा वर सरकायला लागला.

शिक्षेची मुदत संपली त्या दिवशी आप्पा साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन चुलीपाशी आले. "शिकीव," म्हणाले. मी दाखवलं. पाणी आधी, पावडर नंतर, चमचा सपाट. त्यांनी सुरीच्या पात्यानं चमचा असा सपाट केला, की एक कण इकडचा तिकडे नाही. त्या दिवसापासून समूच्या बाटल्या तेच करायला लागले. वास अजूनही सहन व्हायचा नाही, म्हणून उपरण्यानं नाक बांधून करायचे. बाहेरून कुणी पाहिलं तर वाटावं, घरात दरोडेखोर शिरलाय आणि पोरीला पाजतोय.

महिन्याच्या शेवटी कराडला गेलो. आप्पा आत आले नाहीत. "मी हितंच बसतो," म्हणाले आणि बाकावर चपलांजवळ बसले. बाईंना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

मी आत सगळं सांगितलं. दोन चमचे, साय, मशीन, भीमराव. डॉक्टरीणबाई आधी चिडल्या, मग खुर्चीत मागं टेकून इतक्या हसल्या, की बाहेरची नर्स डोकावून गेली.

"अहो शैलाताई, पण काम झालं की," त्या म्हणाल्या.

"कसलं काम?"

"हे बघा. डबा सुरू केला, आराम पडला. तेवढ्यानं मला पक्कं म्हणता येत नाही, आराम आपोआपही पडतो. म्हणून चार आठवड्यांनी मी स्वतः, माझ्या देखरेखीखाली, थोडं दूध देऊन बघणार होते. त्रास झाला तर दूध बंद, आणि पुन्हा आराम पडतो का बघायचं. असंच निदान पक्कं करतात. तुमच्या सासऱ्यांनी ते सगळं परस्पर उरकलं. ॲलर्जीच आहे. आता पुण्याला जायची गरज नाही." मग बोट उगारून म्हणाल्या, "पण नशीब समजा. एखाद्या बाळाचा जीव जातो यात. पुन्हा असं केलं तर आजोबांनाच नळी घालीन, सांगा त्यांना."

मी बाहेर आले. आप्पा उठून उभे राहिले.

"काय म्हणल्या?"

त्यांना सगळं सांगायला किती वेळ लागला असता? पण मला ते वाकडं झालेलं प्लास्टिक आठवलं, आणि 'इंग्रजी आहे ते' आठवलं, आणि पिठात पडलेलं पाणी.

"म्हणाल्या, पुन्हा असं केलं तर तुम्हालाच नळी घालीन."

आप्पांनी मान डोलावली. "बरोबर हाय," म्हणाले आणि समूची पिशवी खांद्याला लावून एसटी स्टँडकडे चालू लागले.

बाकीचं मी तसंच दाबून ठेवलं. सूड म्हणा हवं तर. पुढं पुढं तो सूडही राहिला नाही. घरात एक माणूस उपरण्यानं नाक बांधून तासातासाला बाटल्या उकळत होता, समू रांगायला लागल्यावर दुधाचा हात लागू नये म्हणून संस्थेतून आल्या आल्या आंघोळ करत होता, पाहुण्यांनी आणलेल्या बिस्किटाच्या पुड्यावरचं इंग्रजी माझ्याकडून वाचून घेतल्याशिवाय तो घरात येऊ देत नव्हता. असा सासरा हातचा कोण घालवेल?

समू पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा बाईंनी हळूहळू सुरुवात करायला लावली. आधी दूध घातलेलं बिस्कीट, चिमूटभर. मग थालीपिठात दही. प्रत्येक पायरीला आठवड्याची वाट. शेवटी एक दिवस अर्धी वाटी दूध, मोठ्या म्हशीचं, आप्पांच्या हातचं. समू ते गटागटा प्यायली आणि आणखी मागितलं. आम्ही दोघं तिच्यासमोर बसून राहिलो. तास गेला, दिवस गेला, तीन दिवस गेले. गाल अगदी नितळ. दुपट्याची तर आता गरजच नव्हती, शी ती स्वतःच बोलावून दाखवायची, आणि त्यातही काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता मी आप्पांपुढे बसले.

"आप्पा, एक सांगायचं राहिलंय. त्या वेळी डॉक्टरीणबाई आणखी एक म्हणाल्या होत्या."

मी सगळं सांगितलं. तुमच्या दोन चमच्यांमुळेच निदान पक्कं झालं. पुणे टळलं, नळी टळली.

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता चिडतात. दीड वर्ष या माणसानं मान खाली घालून काढली होती आणि ते मला माहीत असून मी काढू दिली होती.

"बरं क्येलंस," ते शेवटी म्हणाले. "तवाच सांगितलं असतंस, तर मी सुधारलो नसतो."

समू त्यांच्या मांडीवर चढली. त्यांनी तिला नीट बसवलं, तिच्या ओठावरचं दूध अंगठ्यानं पुसलं. मग सहज विचारावं तसं, पण माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं,

"आता सांगू का गावात?"

"सांगा," मी म्हणाले.

समूला माझ्या हातात देऊन ते उठले, आणि मी टोपी शोधून देईपर्यंत तसेच बोडक्यानं भीमरावच्या दारात पोचलेसुद्धा होते.